वर्गही आणि घनही: अशा संख्या कुठल्या, आणि त्याच का?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. लेक आठवीत आहे, शिष्यवृत्तीची तयारी चालू आहे. आमच्या भागातल्या एका क्लासच्या सराव परीक्षेत हा प्रश्न आला होता: ० ते १००० मधल्या किती पूर्णांक संख्या पूर्ण वर्गही आहेत आणि पूर्ण घनही? पर्याय २, ३, ४ आणि ५.

तिनं दोन याद्या केल्या. एकीकडे वर्ग, ० पासून ३१ च्या वर्गापर्यंत, म्हणजे ९६१. दुसरीकडे घन, ० पासून १० च्या घनापर्यंत. दोन्हीकडे सापडल्या ०, १, ६४ आणि ७२९. तिचं उत्तर ४. क्लासच्या उत्तरसूचीत ३ आहे.

एक गुण गेला तर गेला, धागा त्यासाठी काढलेला नाही. रात्री तिनं विचारलं, "हजाराऐवजी दहा लाख दिले असते तर? एवढ्या लांब याद्या कोण करणार?" मी म्हटलं, काहीतरी नियम असेल. त्यावर ती म्हणाली, "नियमानं काढल्या तरी मधली एखादी सुटली नाही हे कशावरून?"

हा दुसरा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. नुसतं सूत्र नको, आठवीतल्या मुलीला पटेल असं कारण हवंय. जाणकारांनी वेळ काढून लिहावं ही विनंती.

सातपूरकर
सोपं आहे ताई. सहावा घात. कुठलीही संख्या घ्या, सहा वेळा गुणा. अ^६ म्हणजे अ^३ चा वर्ग आणि अ^२ चा घन. संपलं.

१ = १ चा वर्ग = १ चा घन
६४ = ८ चा वर्ग = ४ चा घन
७२९ = २७ चा वर्ग = ९ चा घन
४०९६ = ६४ चा वर्ग = १६ चा घन
१५,६२५ = १२५ चा वर्ग = २५ चा घन
४६,६५६ = २१६ चा वर्ग = ३६ चा घन
१,१७,६४९ = ३४३ चा वर्ग = ४९ चा घन
२,६२,१४४ = ५१२ चा वर्ग = ६४ चा घन
५,३१,४४१ = ७२९ चा वर्ग = ८१ चा घन
१०,००,००० = १००० चा वर्ग = १०० चा घन

दहा लाखांपर्यंत एवढ्याच. शून्य धरलं तर अकरा. २ आणि ३ चा लसावि ६, म्हणून सहावा घात. मुलीला एवढं पाठ करायला सांगा, परीक्षेत दहा सेकंदांत उत्तर येईल.

मिसळ_एके_मिसळ
६४ म्हणजे बुद्धिबळाचा पट आणि ४×४×४ चा रुबिक क्यूब, दोन्ही एका दमात! पुढच्या वेळी भाचा क्यूब मागायला आला की हातात पट ठेवणार. चौकोन मोजून घे म्हणावं, तेवढेच आहेत.

पंचवटीकर
शून्याचं काय ते आधी मिटवूया. ० = ०×० आणि ० = ०×०×०. पूर्ण वर्ग म्हणजे एखाद्या पूर्णांकाचा वर्ग, पूर्ण घन म्हणजे एखाद्या पूर्णांकाचा घन. शून्य दोन्हीत बसतं. प्रश्नात "० ते १०००" आणि "पूर्णांक" असं स्पष्ट लिहिलेलं असताना उत्तर ४ च. "१ ते १०००" किंवा "नैसर्गिक संख्या" म्हटलं असतं तर ३. मुलीचं बरोबर आहे.

सिडकोवासी
मी शिकवण्या घेतो म्हणून सांगतो. प्रत्यक्ष शिष्यवृत्तीला परीक्षा परिषद आधी अंतरिम उत्तरसूची लावते आणि त्यावर आक्षेप मागवते. तिथं असं काही झालं तर नियमानं दाद मागता येते. क्लासच्या सराव पेपरला तशी सोय नसते, पण सरांना जाऊन भेटा. शांतपणे ०×०×० लिहून दाखवलं की पटेल.

वाचनवेडा
ऋण संख्यांचं काय? प्रश्नात पूर्णांक आहे म्हणून विचारतोय. -६४ हा -४ चा घन आहे की.

पंचवटीकर
@वाचनवेडा, घन आहे, पण वर्ग नाही. कुठल्याच पूर्णांकाचा वर्ग ऋण येत नाही, त्यामुळे ऋण बाजू पहिल्याच पायरीवर बाद. आणि -२ चा सहावा घात घेतला तर पुन्हा ६४ च येतो, त्यातून नवी संख्या मिळत नाही.

देवळालीकर
सातपूरकर, तुमचा तक्ता छान आहे, पण मुलीच्या प्रश्नाला तुम्ही अजून हात घातलेला नाही. तुम्ही दाखवलंत की प्रत्येक सहावा घात वर्गही असतो आणि घनही. ती विचारते आहे त्याच्या उलट. समोर एक संख्या आली, ती वर्ग आहे आणि घनही आहे. मग ती कुणाचा तरी सहावा घात असलीच पाहिजे का? सहाव्या घातांच्या बाहेरची एखादी कोपऱ्यात लपलेली नाही हे कशावरून? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि शाळेत आपण बहुतेक वेळा पहिलीच सांगून पुढे जातो. मी वर्गावर असताना एखाद्या मुलानं हे विचारलं की त्या तासाला पुढचं काही शिकवायचो नाही. इतका तो प्रश्न मला आवडायचा.

ताई, लेकीला वहीपेन घेऊन बसवा. मूळ अवयव पाडायला तिला येतंच.

१४४ घ्या. १४४ = २×२×२×२×३×३. दोनाचे चार, तीनाचे दोन. १४४ हा १२ चा वर्ग. वर्ग म्हणजे तीच संख्या दोनदा घेतलेली, म्हणून १२ मधला प्रत्येक मूळ अवयव १४४ मध्ये दुप्पट वेळा आला. कुठल्याही वर्गात असंच होणार. प्रत्येक मूळ अवयव सम वेळा आलेला असणार, जोड्या लागणार.

आता २१६ = २×२×२×३×३×३. हा ६ चा घन. इथं प्रत्येक मूळ अवयव तीनच्या पटीत आला. कुठल्याही घनात त्रिकुटं लागणार.

मग जी संख्या वर्गही आहे आणि घनही, तिच्यात प्रत्येक मूळ अवयव किती वेळा यायला हवा? ती गणती २ नंही भागली पाहिजे आणि ३ नंही. म्हणजे ६ नं भागली पाहिजे. सहा वेळा, बारा वेळा, अठरा वेळा. दुसरा मार्गच नाही. आता प्रत्येक मूळ अवयवाचे सहा-सहाचे गट करा, प्रत्येक गटातून एक-एक उचला आणि उचललेल्यांचा गुणाकार करा. आलेल्या संख्येचा सहावा घात म्हणजे आपली मूळची संख्या. म्हणून सुटलेली एकही नाही.

हे सगळं कशावर उभं आहे तेही तिला सांगा: एका संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात. १४४ चे कुणीही, कुठल्याही क्रमानं पाडले तरी दोनाचे चार आणि तीनाचे दोनच येणार. शून्याचे मूळ अवयव पडत नाहीत, म्हणून शून्य वेगळं तपासायचं, ते वर पंचवटीकरांनी केलं आहे.

गोदाकाठ
देवळालीकर सर, मनापासून आभार. आज संध्याकाळी बसवते.

सातपूरकर
सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण आठवीच्या परीक्षेत एवढा वेळ असतो का? प्रश्न बरेच आणि घड्याळ पळतंय. सूत्र आलं की पुरे. कारणं पुढे कॉलेजात बघता येतात. मी कारखान्यात आयुष्य काढलं, तिथंही तक्ते पाहूनच काम चालतं आणि उत्तम चालतं.

फळा_खडू
सातपूरकर दादा, इथं मी असहमत. कारण माहीत नसलं की सूत्र नको तिथं वापरलं जातं. माझ्या वर्गात मी दरवर्षी हे बघते. "वर्गही आणि घनही" म्हटलं की मुलं २×३ करून सहावा घात सांगतात. उत्तर बरोबर येतं, शाबासकी मिळते. मग मी विचारते, वर्गही असेल आणि चौथा घातही असेल अशी संख्या कुठली? लगेच २×४, आठवा घात! पण १६ कडे बघा. ४ चा वर्ग आहे, २ चा चौथा घात आहे, आठवा घात मात्र कुणाचाच नाही. इथं चौथा घात पुरतो, कारण २ आणि ४ चा लसावि ४.

अजून एक. चौथा घातही आणि सहावा घातही? गुणाकार केला तर २४. लसावि १२. आणि ४०९६ हा ८ चा चौथा घात आहे, ४ चा सहावा घात आहे, तो २ चा बारावा घात. चोविसावा घात म्हणून शोधायला गेलेल्या मुलाला ४०९६ दिसणारच नाही.

२ आणि ३ च्या बाबतीत गुणाकार आणि लसावि एकच येतात, एवढाच तो योगायोग. देवळालीकर सरांनी सांगितलेलं "गणती दोन्हींनी भागली पाहिजे" हे वाक्य डोक्यात असेल तर मूल कधीच घसरणार नाही. आणि दादा, त्याला वेळही जास्त लागत नाही.

सातपूरकर
४०९६ चं उदाहरण पटलं. लसावि शब्द मी लिहिला होता खरा, पण तो का हे मुलांना सांगायला हवं हे मान्य. तरीही परीक्षेच्या आधी तक्ता पाठ असावाच, यावर मी ठाम आहे.

फळा_खडू
तक्ता पाठ असावा याला माझीही ना नाही. :)

द्राक्षबाग
मूळ अवयवांशिवाय एक छोटी वाट आहे. मला ती जास्त आवडते, कारण उत्तर थेट हातात येतं.

संख्या न घ्या. न = अ×अ आणि न = ब×ब×ब. शून्य सोडून. म्हणजे अ×अ = ब×ब×ब. दोन्ही बाजूंना ब×ब नं भागा. डावीकडे (अ भागिले ब) चा वर्ग, उजवीकडे नुसता ब. आता अ भागिले ब ला क म्हणूया. तर ब = क^२, आणि न = ब^३ = क^६. झालं.

राहिला एकच प्रश्न, क पूर्णांक आहे का? क हा अपूर्णांक असता, पूर्ण संक्षिप्त रूपातला, छेद १ पेक्षा मोठा, तर त्याचा वर्गही अपूर्णांकच राहिला असता. अंश आणि छेदात सामाईक अवयव नव्हता, वर्ग केल्यानं तो कुठून येणार? पण वर्ग तर ब आहे, पूर्णांक. म्हणून क पूर्णांकच.

मुलीला करून बघायला सांगा: वर्गमूळ भागिले घनमूळ. ७२९ साठी २७ भागिले ९ = ३. ४०९६ साठी ६४ भागिले १६ = ४. १५,६२५ साठी १२५ भागिले २५ = ५. सहावं मूळ असं अलगद बाहेर येतं.

वाचनवेडा
द्राक्षबाग, वा! वाचनखूण साठवली आहे.

मिसळ_एके_मिसळ
सकाळी मिसळ खाताना टेबलावरच्या कागदावर २,६२,१४४ साठी करून बघितलं. ५१२ भागिले ६४ = ८. शेजारच्या काकांनी विचारलं काय हिशोब चाललाय, त्यांनाही सांगितलं. मग त्यांनी १,१७,६४९ साठी केलं, ७ आले, आणि दुसरा पाव मागवला. दोघांचा रस्सा गार झाला, पण काका खुश.

नवशिका_प्रोग्रामर
मी प्रोग्रॅम लिहून १ ते १ कोटीपर्यंत तपासलं. ३१६२ वर्ग, २१५ घन आणि दोन्ही असलेल्या फक्त १४. शेवटची १४^६ = ७५,२९,५३६. पुढची १५^६ = १,१३,९०,६२५, म्हणजे कोटीच्या पलीकडे.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी सावधगिरीची सूचना. पायथनमध्ये ६४ चा १/३ घात काढला तर ४ येत नाही, ३.९९९९९९९९९९९९९९९६ येतं. त्याचा पूर्णांक भाग घेतला तर ३, मग ३ चा घन २७, आणि ६४ "घन नाही" ठरतो. यादीतली दुसरीच संख्या गायब! घनमूळ जवळच्या पूर्णांकाला आणून त्याचा घन पुन्हा ताडून बघायचा, किंवा सरळ १, २, ३ चे सहावे घात काढत जायचं. दुसरी रीत किती तरी हलकी आहे. कोटीपर्यंत चौदाच सहावे घात.

सिडकोवासी
यावरून स्पर्धा परीक्षांतला एक लाडका प्रश्न. १ ते १० लाखांत वर्ग किंवा घन असलेल्या संख्या किती? वर्ग १०००, घन १००. बेरीज ११००. पण दोन्हींत असलेल्या १० दोनदा मोजल्या गेल्या, त्या एकदा वजा करा. उत्तर १०९०. सातपूरकरांचा तक्ता इथं उपयोगी पडतो.

गोदाकाठ
काल बसलो दोघी. जोड्या आणि त्रिकुटं तिला लगेच समजली. १४४ ला कशानं गुणलं की ते दोन्ही होईल हे तिनं आपणहून काढलं. दोनाचे चार आहेत, दोन हवेत. तीनाचे दोन आहेत, चार हवेत. म्हणून ४×८१ = ३२४ नं गुणायचं, ४६,६५६ येतात. मला फार बरं वाटलं.

तिचा नवा प्रश्न: मोठी संख्या समोर आली तर ती यातली नाही हे झटकन ओळखता येतं का?

देवळालीकर
येतं, दोन कसोट्या सांगतो.

पहिली, बीजांक. अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करत जा. वर्गाचा बीजांक १, ४, ७ किंवा ९ च असतो. घनाचा १, ८ किंवा ९. दोन्हींत सामाईक १ आणि ९. म्हणून बीजांक १ किंवा ९ नसेल तर संख्या बाद.

दुसरी, ७ नं भागा. वर्गाला ७ नं भागल्यावर बाकी ०, १, २ किंवा ४ उरते. घनाला ०, १ किंवा ६. सामाईक ० आणि १. दुसरी काही बाकी आली तर बाद.

पण या कसोट्या चाळणीसारख्या आहेत, खडे काढतात, खाली पडलेलं सगळं धान्यच असेल याची हमी देत नाहीत. २८ घ्या. बीजांक १, आणि ७ नं नि:शेष भाग जातो. दोन्ही कसोट्या पार, तरी २८ ना वर्ग ना घन. ३६ ही पार होतो, तो वर्ग आहे पण घन नाही.

आता १७,७१,५६१ बघा. अंकांची बेरीज २८, मग १०, मग १. ठीक. ७ नं भागून बाकी १. ठीक. आता अंदाज: १०^६ म्हणजे १० लाख, २०^६ म्हणजे ६ कोटी ४० लाख. मूळ या दोहोंच्या मध्ये. एककस्थानी १ आहे, म्हणून मूळ १ किंवा ९ नं संपतं: ११ किंवा १९. संख्या दहा लाखांच्या कितीतरी जवळ आहे, तेव्हा ११. ताडा: ११ चा घन १३३१, त्याचा वर्ग १७,७१,५६१. जमलं.

वाचनवेडा
अवांतर होईल, पण देवळाली म्हटलं की द. रा. कापरेकरांची आठवण निघणारच. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते आणि ६१७४ चा स्थिरांक त्यांचाच (सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं मांडून वजाबाकी करत राहा, शेवटी ६१७४ च येतात). १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा जगभर नाव झालं. अंकांच्या बेरजेनं जिला नि:शेष भाग जातो त्या संख्येला त्यांनी हर्षद म्हटलं.

मी सातपूरकरांच्या तक्त्यातल्या संख्या हर्षद आहेत का ते बघितलं. ६४: बेरीज १०, नाही. ७२९: बेरीज १८, नाही. ४०९६: १९, नाही. १५,६२५: १९, नाही. ४६,६५६: बेरीज २७, आणि ४६,६५६ भागिले २७ = १७२८! २७ हा ३ चा घन, १७२८ हा १२ चा घन. दहा लाखांपर्यंत १ आणि १०,००,००० सोडले तर हर्षद अशी हीच एक. सहाचा सहावा घात. मी हे बघून बराच वेळ नुसता बसून होतो.

देवळालीकर
वाचनवेडा, हे मलाही नवीन आहे. कापरेकरांनी अशाच कागद-पेन्सिलीच्या शोधांत आयुष्य घालवलं. मग आमच्या गावाच्या मानाचा एक प्रश्न मी ठेवतो. ६१७४ ला कमीत कमी कितीनं गुणलं की गुणाकार वर्गही होईल आणि घनही? ताईंच्या लेकीसाठी. मोठ्यांनी उत्तर देऊ नये.

चाळीसगाव_जंक्शन
नाशिककरांनी कापरेकर काढले, तर आम्ही भास्कराचार्य काढतो. आमच्या चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती आहे. नातू चांगदेव यानं भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथं मठ स्थापला. तर 'बीजगणित' या ग्रंथात भास्कराचार्यांचा एक प्रश्न याच जातकुळीचा आहे. अशा दोन संख्या सांगा, ज्यांच्या घनांची बेरीज वर्ग असेल आणि वर्गांची बेरीज घन असेल.

उत्तर ६२५ आणि १२५०. ताडून बघा. वर्गांची बेरीज ३,९०,६२५ + १५,६२,५०० = १९,५३,१२५, हा १२५ चा घन. घनांची बेरीज ४६,८७५ चा वर्ग.

सापडतं कसं तेही सुंदर आहे. एक संख्या ग, दुसरी तिची दुप्पट धरा. वर्गांची बेरीज ५×ग^२, घनांची बेरीज ९×ग^३. ९ आधीच वर्ग आहे, म्हणून ग^३ वर्ग व्हायला हवा, म्हणजे ग स्वतःच वर्ग हवा. आणि ५×ग^२ घन व्हायला हवा. ग हा ५ चा घात धरला, तर पाचाची गणती पहिल्या अटीनं सम हवी आणि दुसऱ्या अटीनं तिची दुप्पट अधिक एक ही ३ नं भागली पाहिजे. २ घेऊन जमत नाही, ५ उरतात. ४ घेऊन ९ येतात, जमलं. ग = ५^४ = ६२५. देवळालीकर सरांनी जी गणती केली तीच इथं चालली आहे. आठशे वर्षांहून जुना प्रश्न आणि आठवीच्या मुलीला सुटण्याजोगा.

फळा_खडू
चाळीसगावकर, हा प्रश्न मी सोमवारी फळ्यावर लिहिणार. दंडवत.

पंचवटीकर
एक शंका. दोन्ही एकाच संख्येत येतात हे झालं, पण वर्ग आणि घन अगदी शेजारी-शेजारी कधी येतात? ८ आणि ९ आहेत. अजून?

द्राक्षबाग
शून्य सोडलं तर तेवढेच. वर्ग आणि घन यांच्यासाठी हे ऑयलरनं सिद्ध केलं. कुठलेही मोठे घात घेतले तरी ८ आणि ९ खेरीज शेजारी जोडी नाही असं कातालाननं १८४४ मध्ये म्हटलं, आणि ते सिद्ध झालं थेट २००२ मध्ये, प्रेडा मिहाइलेस्कू यांच्याकडून. मधे दोनाचं अंतर हवं असेल तर २५ आणि २७. एका बाजूला वर्ग आणि दुसऱ्या बाजूला घन अशी चिमटीत सापडलेली २६ ही एकच संख्या, हे फर्मानं सांगितलं होतं. आपला मूळ प्रश्न वहीच्या अर्ध्या पानात सुटतो आणि त्याच्या शेजारचा दीडशे वर्षं घेतो, याचं मला नेहमी नवल वाटतं.

मिसळ_एके_मिसळ
२६ जानेवारीला हे भाच्याला सांगणार.

गोदाकाठ
देवळालीकर सर, लेकीचं उत्तर. ६१७४ = २×३×३×७×७×७. दोन एकदा, तीन दोनदा, सात तीनदा. प्रत्येक सहा वेळा हवा. म्हणून दोन अजून पाच वेळा, तीन अजून चार वेळा, सात अजून तीन वेळा. ३२×८१×३४३ = ८,८९,०५६. गुणाकार म्हणजे ४२ चा सहावा घात, ५,४८,९०,३१,७४४. तिनं द्राक्षबाग यांच्या रीतीनं ताडलं: वर्गमूळ ७४,०८८, घनमूळ १७६४, भागाकार ४२.

क्लासच्या सरांनाही भेटलो. त्यांनी शून्याचं म्हणणं ऐकून घेतलं आणि उत्तरसूची बदलली. सिडकोवासी, तुमचा सल्ला कामी आला.

देवळालीकर
शाबास! अगदी बरोबर. तिला सांगा, आजोबांच्या वयाच्या एका मास्तरला आज फार आनंद झाला.

सातपूरकर
अभिनंदन ताई. मीही माझ्या नातवाला जोड्या-त्रिकुटांनीच सांगितलं. मग त्यानंच विचारलं, वर्ग, घन आणि पाचवा घात तिन्ही असलेली कुठली? लसावि ३०. २^३० = १,०७,३७,४१,८२४. हा ३२,७६८ चा वर्ग, १०२४ चा घन आणि ६४ चा पाचवा घात. १ नंतरची सगळ्यात लहान हीच.

फळा_खडू
दादा, नातवाला माझ्याकडून हा द्या. अशी सगळ्यात लहान संख्या, जिची निमपट पूर्ण वर्ग आहे आणि तिसरा हिस्सा पूर्ण घन आहे.

सातपूरकर
तो इथंच बसलाय. २ आणि ३ हेच अवयव पुरतील म्हणतो. निमपट वर्ग, म्हणून दोनाची गणती विषम. तिसरा हिस्सा घन, म्हणून दोनाची गणती ३ च्या पटीत. सगळ्यात लहान ३. तीनाची गणती सम हवी, आणि एक कमी केल्यावर ३ च्या पटीत. सगळ्यात लहान ४. ८×८१ = ६४८. निमपट ३२४, १८ चा वर्ग. तिसरा हिस्सा २१६, ६ चा घन.

फळा_खडू
बरोबर. आता त्याला म्हणावं, पाचवा हिस्सा पाचवा घातही असू दे. अवयव २, ३ आणि ५, रीत तीच.